कापलेलं यकृत पुन्हा उगवतं का?

प्रश्न : ह्यांना लिव्हर सिरॉसिस आहे. मुलगा आपल्या यकृताचा भाग द्यायला तयार झालाय. सासूबाई म्हणतात, पोराचं काळीज कापू नका. दीर म्हणतात, पालीच्या शेपटीसारखं परत येतं. खरं कोणाचं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, ‘काळीज’ हा शब्द सासूबाईंचा बरोबर आहे. मटणवाल्याकडे काळीज मागा, यकृतच मिळतं. ते छातीत डावीकडे नेऊन ठेवलं आपल्या बोलण्यानं.

दीरांचं निम्मं खरं. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यातून चुलत्यांचं बिऱ्हाड बाणेरला गेलं. ते काही परत आलं नाही, उरलेल्यांचाच संसार वाढला आणि वाडा पुन्हा भरला. यकृताचं तसंच. कापलेला भाग उगवत नाही. राहिलेल्या भागातल्या पेशी दुप्पट होत जातात आणि तोच भाग फुगतो. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी उंदरांचं दोन तृतीयांश यकृत काढून हे मोजलं होतं. माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी प्रश्न पडे, की पेशींना कळतं कसं? एक कारण साधं आहे. आतड्यांकडून येणारं सगळं रक्त आधी यकृतातून जातं. यकृत लहान झालं तरी रक्त तेवढंच येतं, कामाचा ताण पेशींवर पडतो आणि त्या विभागू लागतात. अंगाला पुरेल एवढा आकार झाला की थांबतात.

मग ह्यांचं यकृत का सुधारत नाही, असं तुम्ही विचाराल. तेही वाढतंच आहे! पण वर्षानुवर्षं इजा होऊन आत चिवट तंतूंचं जाळं झालंय, यालाच सिरॉसिस म्हणतात. नव्या पेशी त्यात अडकून गाठी धरतात, रक्ताला वाट उरत नाही. सोनोग्राफीच्या रिपोर्टात खडबडीत यकृत लिहिलं असेल, ते हेच.

मुलाचा बहुधा उजवा भाग घेतील, म्हणजे सुमारे ६० टक्के. उरलेला काही महिन्यांत बराचसा भरून येतो. तरी हे मोठं ऑपरेशन आहे, धोका शून्य नाही. मागे किती टक्के राहणार आणि त्यात चरबी किती, हे सर्जनना स्पष्ट विचारा. चरबी जास्त निघाली तर आधी वजन उतरवायला सांगतात, तेव्हा वडापाव आजपासून बंद. मुलगा जवळचा नातेवाईक असल्यानं १९९४च्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात हे दान बसतं.

आणि हो, उजव्या भागासोबत पित्ताशयही काढतात. ते मात्र परत येत नाही. त्यावाचून चालतं, पण सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. नंतर कळलं तर घरात महाभारत होईल.