बरी झालेली गाय हा पुरावा नव्हे

प्रिय मित्रा,

व्यायल्याला दीड दिवस झालेल्या गाईची अडकलेली वार, म्हणजे वासरामागून पडायला हवा तो जार, हाताने काढायला तू नकार दिलास, मालकाने दुसऱ्या डॉक्टरांना बोलावले, त्यांनी ती ओढून काढली आणि आठवड्याभरात गाय भरपूर दूध देऊ लागली. आता तुला तुझ्या शिक्षणाचीच शंका येते आहे. बरी झालेली गाय हा पुरावा नव्हे. वार अडकलेल्या कित्येक गाई हात न घालताही सावरतात. तेव्हा ही गाय हातामुळे बरी झाली की हात घालूनही बरी झाली, हे ना त्यांना सांगता येईल ना तुला.

तुलना झालेली आहे, ती वाच. हाताने वार काढल्याने गाय लवकर गाभण राहते असे अभ्यासांत आढळलेले नाही. उलट वार जोराने सोडवताना गर्भाशयाचे आतले अस्तर दुखावते आणि जंतूंना वाट मिळते. जर्मनीतील चाचण्यांत ताप आलेल्या गाईंनाच इंजेक्शनने प्रतिजैविक देऊन भागले, गर्भाशयात गोळ्या ठेवल्याने काही वेगळे साधले नाही. म्हणून दहा दिवस रोज थर्मामीटर लाव. ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, गाईने वैरण सोडली, दुर्गंधीयुक्त पातळ लालसर स्राव सुरू झाला, तर मात्र एक तासही दवडू नकोस. पुराव्याचे नाव सांगून घरी बसणारा डॉक्टर मला मुळीच चालत नाही.

‘आम्ही कायम असेच करतो’ हे मला ऐकवू नकोस. बऱ्या झालेल्या गाई सर्वांना आठवतात, वारंवार उलटून, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहून, शेवटी बाजारात गेलेल्या कोणी मोजत नाही. हात घालत नाही म्हणून मला आळशी ठरवून काही गोठे कायमचे तुटले, आणि त्याची चुटपुट अजून आहे. तरीही मी बधलो नाही, यात थोडा हट्टही होता हे मान्य.

एक खरी अडचण तुझ्या पत्रात नाही. हे बहुतेक संशोधन मोठ्या कळपांतील हॉलस्टीन या परदेशी दुधाळ जातीच्या गाईंवरचे आहे, म्हशींवरचे काम त्या मानाने थोडे. म्हणून वही ठेव: व्यायल्याची तारीख, रोजचा ताप, दिलेले औषध, पुन्हा गाभण राहीपर्यंत लागलेली रेतने. त्या मालकाची गाय माजावर केव्हा येते तेही विचार आणि उत्तर त्या डॉक्टरांच्या बाजूचे निघाले तरी मला कळव.