वाचक विचारतात : ‘झुलू’ आणि रोर्क्स ड्रिफ्टची ती रात्र

जुन्या युद्धपटांवर प्रश्न मागवले होते. सगळ्यात जास्त पत्रं आली ती ‘झुलू’वर. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : 22 जानेवारी 1879 रोजी दक्षिण आफ्रिकेत, नाताळ ही ब्रिटिश वसाहत आणि झुलू लोकांचं राज्य झुलूलँड यांच्या सरहद्दीवर, बफेलो नदीच्या उताराजवळ रोर्क्स ड्रिफ्ट नावाचं एक मिशनचं ठाणं होतं. ब्रिटिशांनी तिथे कोठार आणि रुग्णालय थाटलं होतं. सुमारे दीडशे माणसांनी तिथे तीन ते चार हजार झुलूंना रात्रभर थोपवून धरलं. त्याच दुपारी जवळच इसांडल्वानाला झुलूंनी ब्रिटिशांची अख्खी छावणी कापून काढली होती; तिथे 1,300 हून अधिक माणसं पडली. चित्रपट 1964 चा. दिग्दर्शक साय एन्डफील्ड, निर्मितीत त्याच्याबरोबर स्टॅनली बेकर. ठाण्याची सूत्रं सांभाळणाऱ्या लेफ्टनंट चार्डची भूमिकाही बेकरनेच केली आहे.

मक्याच्या पोत्यांची भिंत हजारो माणसांना कशी अडवेल? पाहताना पटत नाही. (सांगली)

सांगलीकरांनी हे विचारावं याची गंमत वाटली. मार्केट यार्डात भरलेलं पोतं एकट्याने हलवून पाहा. इथलं एकेक पोतं साधारण 90 किलोचं होतं. मक्याने गच्च भरलेल्या पोत्यात गोळी रुतून बसते, भाला आरपार जात नाही, आणि वरच्या पोत्याचा भार असताना खालचं पोतं ओढून काढता येत नाही. बिस्किटांचे लाकडी खोकेही प्रत्येकी 50 किलोच्या घरातले. ठाण्यात हा माल ढिगाने पडून होता, कारण ते मुळात पुढे गेलेल्या फौजेचं रसदकोठार होतं. सामान दुसरं काही असतं, कापड किंवा तंबू, तर ही लढाई तासाभरात संपली असती.

भिंत होती छातीएवढी, चारेक फुटांची. उत्तरेच्या बाजूला मात्र जमिनीलाच खडकाची एक पायरी होती आणि पोती त्या पायरीच्या कडेवर रचली होती. म्हणजे आतल्या शिपायाला छातीपर्यंत आडोसा आणि बाहेरून येणाऱ्याला डोक्याच्याही वर चढण. वर हात घालून चढणारा माणूस त्या क्षणी ढालही धरू शकत नाही आणि भालाही मारू शकत नाही. दक्षिणेला दोन बैलगाड्या भिंतीत बसवल्या आणि चाकांमधल्या फटी पोत्यांनी व खोक्यांनी बुजवल्या.

चूक झाली ती लांबीच्या हिशेबात. तट आखला तो तीनशेच्या वर माणसं हाताशी आहेत असं धरून. पण नाताळ नेटिव्ह काँटिन्जंटची (ब्रिटिशांच्या बाजूची स्थानिक आफ्रिकी पलटण) शंभराहून जास्त माणसं आणि नेटिव्ह हॉर्सचे स्वार हल्ल्याच्या तोंडावर निघून गेले. उरलेल्या दीडशेत तीसेक आजारी. एवढ्यांना एवढा घेर झेपणारा नव्हता. म्हणून चार्डने आतल्या आत, कोठाराच्या बाजूला, बिस्किटांच्या खोक्यांची आडवी भिंत घालायला घेतली. रुग्णालय हातचं गेल्यावर सगळे तिच्यामागे सरकले. त्यानंतर उरलेल्या पोत्यांच्या ढिगाला आतून पोखरून उंच गोल बुरूज केला. जखमी आत, नेमबाज वर. तीन टप्प्यांची ही माघार चित्रपटाने फार नेटकी दाखवली आहे. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा माणसांवरचं लक्ष काढा आणि फक्त पोती कुठून कुठे जातात ते बघा.

सगळ्यात कच्चा कोपरा रुग्णालयाचा. छप्पर गवताचं, आणि कित्येक खोल्यांना आतून आत जायला दारच नाही. दारं थेट बाहेर उघडणारी. बाहेर झुलू. मग आजाऱ्यांना न्यायचं कसं? कुदळीने आणि संगिनीने मधल्या मातीच्या भिंतींना भोकं पाडून, एकेकाला ओढत पुढच्या खोलीत. पडद्यावर हा प्रसंग अतिशयोक्त वाटतो, पण तो जवळजवळ जसाच्या तसा घडलेला आहे. जळत्या छपराने उलट आतल्यांचीच सोय केली : त्या उजेडात बाहेरचे हल्लेखोर दिसत राहिले.

त्यांच्या बंदुका एकेरी बाराच्या दिसतात. मग एवढा मारा कसा होतो? आणि त्या अडकत नसत का? (नाशिक)

ती मार्टिनी-हेन्री. दस्त्याखालचा दांडा खाली ओढला की आतला ठोकळा पुढून खाली झुकतो आणि रिकामं काडतूस मागे फेकलं जातं. अंगठ्याने नवं काडतूस आत ढकलायचं आणि दांडा वर घ्यायचा. बंदूक भरलेलीही आणि घोडा चढलेलाही. कसलेला शिपाई मिनिटाला दहा-बारा बार काढू शकतो, पण प्रत्यक्ष लढाईत सावकाश मारणं भाग पडतं, त्याला कारणं आहेत.

पहिलं, काळी दारू. एका काडतुसात 85 ग्रेन, म्हणजे साडेपाच ग्रॅम. दोन-तीन फैरी झाल्या की समोर धुराचा पडदा, आणि वारा नसेल तर नेम कशावर धरायचा? दुसरं, काजळी. नळीत ती साठत जाते तसा धक्का वाढतो. तासाभराने खांदा काळानिळा पडतो. तिसरं, तापलेली नळी. हात भाजू नये म्हणून शिपाई पुढच्या लाकडावर चिंध्या गुंडाळत किंवा कातडं शिवून घेत. चौथं आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे काडतूस. ते पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून बनवलेलं आणि बूड लोखंडाचं. तापलेल्या नळीत पत्रा चिकटून बसे, काडतूस बाहेर ओढणारी काढणी जोर लावी आणि बूड तुटून बाहेर येई, पत्रा आतच. मग गजाने ढोसून काढायचा, आणि तेवढ्या वेळात समोरचा भिंतीवर.

म्हणूनच संगीन. ती 21.5 इंची, आणि बंदुकीला लावली की एकूण सहा फुटांच्या आसपास लांबी होते. झुलूंचा इक्ल्वा म्हणजे आखूड दांड्याचा, भोसकायचा भाला. तो चालवायला शत्रूच्या अगदी अंगाशी जावं लागतं. मध्ये चार फुटांची भिंत आणि वरून सहा फुटांचं टोक. या एका गणितावर ती रात्र निभावली.

राखीव काडतुसं होती 20,000. सकाळी उरली साधारण 900. चित्रपटात शेवटी तीन रांगांचा शिस्तशीर मारा आहे : एक रांग मारते, दुसरी भरते. दिसायला तो देखणा आहे, पण पहाटेचा तो हल्लाच मुळात झाला नाही. खरी लढाई दुपारी साडेचारच्या सुमारास सुरू झाली, तिचा जोर मध्यरात्रीनंतर ओसरला आणि पहाटे चारच्या आसपास तुरळक गोळीबारही थांबला.

सारागढीविषयी याच पत्रात विचारलं आहे. होय, 12 सप्टेंबर 1897 ला 36 व्या शीख पलटणीच्या 21 जवानांच्या हातीही मार्टिनी-हेन्रीच होत्या.

चित्रपटात हत्यारांच्या किंवा पोशाखाच्या चुका आहेत का? (ठाणे)

आहेत. अधिकाऱ्यांच्या हातातलं वेब्ली रिव्हॉल्व्हर 1915 सालच्या नमुन्याचं, म्हणजे लढाईनंतर 36 वर्षांनी आलेलं. मागच्या रांगांत बारकाईने पाहिलंत तर बोल्ट मागे ओढायच्या ली-एन्फील्डही सापडतील. आणि ती पांढरीशुभ्र शिरस्त्राणं! मोहिमेवर शिपाई ती चहाच्या पाण्याने किंवा चिखलाने मळकट करून टाकत, नाहीतर लांबून नेमबाजाला आयतंच निशाण.

प्रायव्हेट हूक खरंच दारुडा आणि कामचुकार होता का? बाकीची पात्रं कितपत खरी? (पुणे)

हूकवर झालेला अन्याय हा या चित्रपटावरचा सगळ्यात जुना आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. खरा हेन्री हूक दारूला शिवत नसे. तो रुग्णालयात होता तो आजाराचं सोंग घेऊन पडलेला नव्हे, आजाऱ्यांचा स्वयंपाकी म्हणून. भिंती फोडून माणसं बाहेर काढण्यात तो पुढे होता आणि व्हिक्टोरिया क्रॉस त्यासाठीच मिळाला. पुढे तो ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीला होता. पटकथेला ‘वाया गेलेला पण ऐन वेळी उभा राहिलेला’ असा एक माणूस हवा होता, एवढाच त्याचा दोष.

कलर सार्जंट बॉर्न पडद्यावर उंचापुरा, भारदस्त, चाळिशीतला दिसतो. प्रत्यक्षात त्याचं वय होतं 24 आणि चण लहान. तो सगळ्यांच्या मागे राहिला : 8 मे 1945 रोजी, युरोपातलं दुसरं महायुद्ध संपलं त्या दिवशी वारला. मिशनरी ओटो विट हा तिशीचा गृहस्थ, मुलं लहान. दारूत बुडालेला म्हातारा आणि लग्नाच्या वयाची मुलगी ही सगळी कल्पना.

चार्ड आणि तिथल्या पलटणीचा लेफ्टनंट ब्रॉमहेड यांच्यातली ‘हुकूम कुणाचा’ ही चुरसही रंगवलेली. ठाण्याचा प्रमुख मेजर स्पॉल्डिंग त्या दुपारी कुमक आणायला मागे गेला, तो जाताना चार्डलाच सूत्रं देऊन. स्पॉल्डिंग चित्रपटात नाहीच. ब्रॉमहेडला चांगलंच कमी ऐकू यायचं, हेही नाही. मायकल केन खरं तर हूकच्या भूमिकेसाठी गेला होता; ती जेम्स बूथला मिळाली आणि केनच्या वाट्याला ब्रॉमहेड आला. हा चित्रपट त्याला मोठा करून गेला.

ज्याच्यावर सगळ्यात कमी प्रकाश पडतो तो रसदखात्यातला जेम्स डाल्टन. पळून जायचा विचार चालू असताना, आजाऱ्यांच्या गाड्या बैलांच्या चालीने निघाल्या तर उघड्या माळावर झुलू गाठतील, त्यापेक्षा इथेच तट घालू, हे निक्षून सांगितलं ते त्याने. तो जुना सार्जंट, तटबंदीचं काम जाणणारा. पडद्यावर मात्र तो काहीसा नाजूकसाजूक कारकून.

शेवटी झुलू डोंगरावरून सलामी देतात. ते खरं आहे? (कोल्हापूर)

नाही. सकाळी सातच्या सुमारास झुलू फौज टेकडीवर दिसली हे खरं. ते तिथे थोडा वेळ बसले आणि निघून गेले. त्यांना उंचावरून ब्रिटिश सेनापती लॉर्ड चेम्सफर्डची परतणारी फौज दिसत होती. ती थोड्याच वेळात ठाण्यावर पोचली. चित्रपट जे दाखवत नाही ते असं : तटाबाहेर जखमी होऊन पडलेल्या झुलूंना त्यानंतर ब्रिटिशांनी ठार केलं. आतली 17 माणसं दगावली, त्यातली दोन नंतर जखमांनी. झुलूंची 351 प्रेतं चार्डने अहवालात नोंदली. सलामीचा प्रसंग मनाला भिडतो, पण त्या सकाळवर तो पांघरूण घालतो.

शिपाई वेल्श होते का? ते गाणं? (बेळगाव)

पलटण 24 वी, तेव्हाचं नाव सेकंड वॉर्विकशर. ‘साउथ वेल्स बॉर्डरर्स’ हे नाव 1881 मध्ये आलं. वेल्श होते, पण इंग्रज त्यांच्याहून जास्त. ‘मेन ऑफ हार्लेक’ गात झुलूंना दिलेलं उत्तर ही बेकरच्या वेल्श रक्ताची करामत. दोन जोन्स मात्र खरोखर होते, शिपाई क्रमांक 593 आणि 716, आणि दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस.

झुलूंच्या बाजूने पाहिलं तर चुकलं काय? (छत्रपती संभाजीनगर)

हा प्रश्न क्वचित येतो, म्हणून जरा सविस्तर.

एक तर तिथे जायचंच नव्हतं. राजा सेटश्वायोचा हुकूम होता की नदी ओलांडून नाताळमध्ये शिरू नका. त्याचा सावत्र भाऊ दाबुलामांझी याने तो मोडला. त्याच्याबरोबरच्या पलटणी, उथुल्वाना वगैरे, इसांडल्वानाला राखीव होत्या, त्यांना लढायलाच मिळालं नव्हतं. त्यातले बरेच चाळिशीतले, डोक्यावर मेणाचं कडं वागवणारे संसारी पुरुष. उपाशीपोटी दिवसभर धावून, नदी पार करून ते ठाण्यावर आले.

झुलूंची ठरलेली चाल म्हणजे बैलाची शिंगं : छाती समोरून भिडते, दोन शिंगं बाजूंनी वळसा घालून मागे मिळतात, कंबर राखीव. मोकळ्या माळावर पसरलेल्या फौजेवर ती जीवघेणी. पण चारी बाजूंनी बंद असलेल्या लहानशा तटाला मागची बाजूच नसते. शिंगांनी वळसा घालायचा कशाला? त्यात हल्ले तुकड्यातुकड्यांनी, आधी एका कोपऱ्यावर, मग दुसऱ्यावर झाले, त्यामुळे आतल्यांना माणसं इकडून तिकडे नेता आली.

चित्रपटात झुलू इसांडल्वानाला लुटलेल्या बंदुका चालवतात. ते चूक, कारण ही मंडळी त्या लुटीत नव्हतीच. मागच्या ‘शियाने’ नावाच्या टेकडीवरून त्यांनी गोळीबार केला तो जुन्या ठासणीच्या बंदुकांनी. तरीही आतले बरेचसे मेले ते गोळ्यांनीच, भाल्यांनी नव्हे.

चित्रीकरण त्याच जागी झालं का? आणि एवढे झुलू आणले कुठून? (मुंबई)

जागा ती नव्हे. चित्रीकरण ड्रेकेन्सबर्ग पर्वतात, रॉयल नाताळ नॅशनल पार्कमध्ये 1963 साली झालं. मागे दिसणारा कड्यांचा प्रचंड अर्धगोल तिथला. खऱ्या ठाण्यामागे नुसती टेकडी आहे. हजारो वाटणारे झुलू काही शेकडाच होते. डोंगराच्या कडेवर त्यांची लांबच लांब रांग लावून कॅमेरा संथपणे फिरवला आहे. राजा सेटश्वायोची भूमिका मांगोसुथु बुथेलेझी यांनी केली. ते त्या राजाचे आईकडून पणतू आणि पुढे दक्षिण आफ्रिकेच्या राजकारणातलं मोठं नाव. वर्णभेदाच्या त्या काळात हा चित्रपट तिथल्या कृष्णवर्णीयांना सर्वसाधारण चित्रपटगृहांत पाहू दिला गेला नाही.

ब्रॉमहेडची कबर भारतात आहे असं ऐकलं. (नागपूर)

बरोबर ऐकलंत. 1891 मध्ये तो विषमज्वराने वारला. कबर अलाहाबादच्या (आताचं प्रयागराज) नव्या छावणीतल्या कब्रस्तानात आहे.

आज पाहायचा तर कसा? ‘झुलू डॉन’ आधी पाहावा का? (रत्नागिरी)

पडदा रुंद असलेलीच प्रत घ्या. चित्रीकरण सुपर टेक्निरामा 70 पद्धतीचं : 35 मिलिमीटरची फिल्म आडवी चालवून दुप्पट मोठी चौकट मिळवायची आणि तिच्यावरून 70 मिलिमीटरची प्रत काढायची. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कापलेल्या प्रतीत चित्राचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग जातो, आणि जातो तो नेमका कडेचा, जिथून झुलू येत असतात. जॉन बॅरीचं संगीत फार थोडं आहे. पहिल्या हल्ल्याआधी ढालींचा जो आवाज लांबून वाढत येतो, त्यासाठी आवाज थोडा वाढवूनच बसा.

‘झुलू डॉन’ 1979 चा, इसांडल्वानावरचा, आणि त्याच्या लेखनातही एन्डफील्डचा हात आहे. घटनाक्रमाने तो आधीचा असला तरी पाहावा नंतर. त्यात काडतुसांच्या पेट्या उघडता न आल्याने घात झाला असं सुचवलं आहे, ते फार मनावर घेऊ नका. त्या पेटीचं सरकतं झाकण एकाच स्क्रूने धरलेलं असे, आणि घाई असली तर बंदुकीच्या दस्त्याचा एक तडाखा पुरे.