लाद्यांसाठी टॉप-अप? आधी तो लाखाचा हप्ता बघू

पिंपळे सौदागरचे एक वाचक लिहितात: "ऑगस्ट 2022 मध्ये फ्लॅटचा ताबा घेतला. 80 चौरस फुटांचं किचन, बिल्डरनेच बसवलेल्या लाद्या. निम्म्या पोकळ वाजतात, सिंकपाशी दोन उचलल्या गेल्यात. मिसेस त्यांवर पायपुसणं टाकून ठेवते. इंटिरियरवाल्याने लाद्या, डॅडो (ओट्यामागच्या भिंतीवरच्या लाद्या), ओटा धरून अडीच लाखांचं एस्टिमेट दिलंय. बँक 9 टक्क्यांनी 15 वर्षांचं टॉप-अप, म्हणजे गृहकर्जावरच वाढीव कर्ज, देतेय. ते घेऊ की पर्सनल लोन? पॉलिसी मोडायची नाही. तिचा लाखाचा हप्ता वर्षाला, 12 पैकी चार भरले, विसाव्या वर्षी दुप्पट म्हणजे 24 लाख मिळणार. विमा 10 लाखांचा. गृहकर्ज 46 लाख बाकी, व्याज पावणेनऊ टक्के. मी एकटाच कमावता, वय 36, मुलगी पाच वर्षांची."

दोन्ही कर्जं नकोत. अडीच लाखांचं टॉप-अप 15 वर्षांत साडेचार लाखांना पडतं, आणि बिघडलंय काय, तर वीस लाद्या. ओटा आणि डॅडोला काही झालेलं तुम्हीच लिहिलेलं नाही. जुनी लादी फोडणं, राबिट उचलणं, नवी लादी, अ‍ॅडेसिव्ह, ग्राउट, मजुरी असं सगळं धरून चौरस फुटाला अडीचशे लावा, वीस हजार होतात. ट्रॉल्या काढणं-बसवणं आणि स्कर्टिंग धरून तीस. लादीवर लादी बसवायला सांगणारा भेटेल, त्याचं ऐकू नका. खालचा पोकळपणा तसाच राहतो, वर दरवाजा घासतो.

पण हे तीस हजार तरी तुम्ही का द्यायचे? मिस्त्रीने चार कोपऱ्यांत सिमेंटचे गोळे ठेवून लादी दाबली की मध्ये पोकळी राहते. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ पितच नाही, त्यामुळे नुसती सिमेंटची स्लरी तिला धरत नाही. त्यात स्पेसर, म्हणजे फट राखणारे छोटे तुकडे, न ठेवता लाद्या एकीला एक भिडवल्या की उन्हाळ्यात फुगायला जागा उरत नाही, आणि त्या तंबूसारख्या वर येतात. हा कामातला दोष. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या, कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत असा दोष लेखी कळवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर भरपाई मागता येते. तुमची मुदत ऑगस्ट 2027 पर्यंत. त्याआधी स्वतः फोडाफोडी केलीत तर पुरावा डबरात गेला. नाण्याने एकेक लादी वाजवा, पोकळ निघेल तिच्यावर खडूने फुली मारा, फोटो काढा, ईमेल आणि रजिस्टर पोस्ट दोन्ही पाठवा. बिल्डर आनंदाने धावत येईल अशी आशा नको. आला तरी वेगळ्या शेडच्या चार लाद्या घेऊन येईल. पत्र तरीही जाऊ द्या.

आता तुम्ही न विचारलेलं. उद्या तुम्हाला काही झालं तर 10 लाख येतील, 46 लाख बँकेला द्यायचे असतील. मिसेसनी काय करायचं? हे पत्र वाचताना मला लाद्या दिसल्याच नाहीत.

आणि "दुप्पट"! बारा वर्षं लाख-लाख भरून विसाव्या वर्षी 24 लाख म्हणजे पाच टक्क्यांहून कमी. ही पॉलिसी जपायला तुम्ही 9 टक्क्यांनी कर्ज काढणार? विकणाऱ्याला कमिशन मिळालं, तुम्हाला 'दुप्पट' हा शब्द मिळाला.

भरलेले चार लाख डोळ्यांआड करा आणि इथून पुढचा हिशोब मांडा. चौथ्या ते सातव्या वर्षात सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर साधारण निम्मे, म्हणजे दोनेक लाख हातात येतात. ते सोडून आणखी आठ लाख भरायचे आणि 16 वर्षांनी 24 लाख घ्यायचे, हा सौदाही सात टक्क्यांच्या आतच बसतो. तेच पैसे गृहकर्जात भरले तर पावणेनऊ टक्के वाचतात, तेही खात्रीने. कंपनीकडून सरेंडर आणि पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर मिळेल तो) दोन्ही आकडे लेखी मागवा. माझा अंदाज मोठा चुकला असेल तर परत लिहा.

क्रम मात्र उलटा करू नका. आधी एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला निव्वळ आयुर्विमा. तुमच्या वयाला, सिगारेट ओढत नसाल तर, वर्षाला पंधरा-अठरा हजार. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. अर्जात शुगर, बीपी, सिगारेट काही लपवू नका. मेडिकल होऊन टर्मची पॉलिसी हातात पडली की मगच जुनी बंद करा आणि हप्त्याचं ऑटो-डेबिट बँकेत जाऊन थांबवा. वाचलेल्या लाखातून टर्मचा हप्ता जातो, बिल्डरने हात वर केले तर लाद्याही होतात, वर पन्नासेक हजार उरतात.

आणि ते पायपुसणं आजच उचला. उचललेली कड त्याच्याखाली दिसत नाही, आणि तिथूनच रोज गरम कुकर घेऊन कोणीतरी जातं. कडेला रुंद चिकटपट्टी लावा, भडक रंगाची.