हायलुरोनिक लावूनही गाल का ओढतात?

प्रश्न : ताई, तीन आठवडे हायलुरोनिक ॲसिडचं सिरम लावते आहे. बाटलीवर लिहिलंय, हा घटक स्वतःच्या वजनाच्या हजारपट पाणी धरतो. सकाळी तोंड धुते, टॉवेलनं नीट कोरडं करते, सिरम लावते आणि ऑफिसला निघते. दिवसभर एसी. पण दहा मिनिटांतच गाल ओढल्यासारखे होतात आणि संध्याकाळी नाकाच्या कडेला साल निघते. मला हे सोसत नाही, की बाटलीच नकली आहे?

उत्तर : बाटली नकली असेल असं मला वाटत नाही. तुमची शेवटची पायरी राहून जातेय, एवढंच.

क्रीम-लोशन बनवणाऱ्या प्रयोगशाळेत माझी सोळा वर्षं गेली. हायलुरोनिक तिथे पांढऱ्या, कापसासारख्या हलक्या पावडरीच्या रूपात यायचं. एक ग्रॅम पावडर ९९ ग्रॅम पाण्यावर भुरभुरायची. घाई केली की गुठळ्या व्हायच्या, बाहेरून बुळबुळीत आणि आतून कोरड्या ठणठणीत. म्हणून रात्रभर झाकून ठेवायचो. सकाळी काचेची कांडी उचलली की पाकासारखी तार सुटायची. आता बघा, या पावडरीला जे पाणी प्यायचं होतं ते ती भांड्यातच पिऊन आली. तुमच्या गालावर आल्यावर ती आणखी हजारपट पाणी कुठून ओढणार? उलट सिरममधलं पाणी उडून जातं, मागे पातळ पापुद्रा उरतो आणि तो वाळताना आक्रसतो. गाल ओढतात ते त्यामुळे.

१९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांना हा पदार्थ पहिल्यांदा मिळाला तो गायीच्या डोळ्यातल्या जेलीसारख्या द्रवात. तो द्रव म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. पण डोळा चहूबाजूंनी बंद असतो, तिथलं पाणी जाणार कुठे? तुमचा गाल उघडा आहे आणि वर एसीची कोरडी हवा. पाणी धरणारा घटक वेगळा, ते उडू न देणारा वेगळा. पेट्रोलेटम (व्हॅसलीनमधली जेली), डायमेथिकोन (एक सिलिकोन), शिया बटर (शियाच्या बियांचं लोणी) हे झाकण घालणारे. क्रीमवर नाव दिसतं ते सेरामाइड हेही पाणी उडू न देणारेच, आणि ते मुळात आपल्याच त्वचेत असतात. वरच्या थरातल्या पेशींमधल्या फटी जे स्निग्ध पदार्थ भरतात, त्यात वजनानं साधारण निम्मा वाटा सेरामाइडचा.

तेव्हा उद्यापासून टॉवेलनं फक्त टिपून घ्या, चेहरा ओलसर राहू द्या. त्यावर सिरम लावा आणि ते वाळायच्या आत वरून क्रीमचा हात फिरवा. एक मात्र नीट बघा : नाकाच्या कडेची साल पिवळसर, तेलकट असेल आणि आजूबाजूला लाली असेल, तर तो साधा कोरडेपणा नसण्याची शक्यता जास्त. मग क्रीम बदलत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : माझ्या क्रीमच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत 'हायलुरोनिक' आहे. मागच्या यादीत मात्र पाण्यानंतर लगेच ग्लिसरीन आणि सोडियम हायलुरोनेट पार शेवटी. ही फसवणूक नाही का?

उत्तर : तुम्ही यादी वाचलीत याचाच मला आनंद झाला. सोडियम हायलुरोनेट म्हणजे हायलुरोनिकचाच क्षार, दुसरं काही नाही. यादीत जास्त वजनाचा घटक आधी येतो, पण एक टक्क्याच्या आतले घटक कुठल्याही क्रमानं लिहिता येतात. ती एक टक्क्याची रेघ ओळखायला यादीत फिनॉक्सिइथेनॉल शोधा. हे क्रीम टिकवणारं रसायन आहे आणि युरोपच्या नियमानुसार ते एक टक्क्यापेक्षा जास्त घालता येत नाही. त्याच्यानंतर जे येतं ते बहुधा चिमूटभरच. हायलुरोनिक तसंही थोडंच घालतात, जास्त घातलं तर क्रीमचा चिकट गोळा होईल. फसवणूक म्हणणार नाही, पण ज्याचं नाव मोठं छापलंय तो इथला मुख्य कामकरी नाही.

मुख्य कामकरी आहे ग्लिसरीन, आणि त्याला कोणी विचारत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १७७९ मध्ये ते ऑलिव्ह तेलातून वेगळं केलं, तेव्हापासून ते हाताशी आहे. दमट दिवसात नाजूक तराजूवर ग्लिसरीनचं उघडं भांडं ठेवलं की आकडा हळूहळू चढत जातो. बाजूला कोणी काही ओतत नसतं, ते हवेतलीच ओल घेत असतं. नवीन मुलं प्रयोगशाळेत आली की मी त्यांना हे आधी दाखवायची. शिवाय त्याचा रेणू लहान. हायलुरोनिकचा मोठा रेणू त्वचेवरच बसून राहतो, ग्लिसरीन वरच्या थरात शिरतं. आपल्या त्वचेच्या पेशींत ग्लिसरीन आणि पाणी आत-बाहेर करायला एक खास दारसुद्धा आहे, ॲक्वापोरिन-३ नावाचं.

फक्त नुसतं ग्लिसरीन बाटलीतून थेट ओठांवर लावू नका. कोरड्या हवेत त्याला बाहेर ओल मिळाली नाही तर ते ओठातलीच ओढून घेतं.

प्रश्न : आईच्या टाचांना खोल भेगा आहेत. डॉक्टरांनी दिलेल्या मलमावर 'यूरिया २० टक्के' वाचून ती म्हणते, हे खत मी पायाला लावणार नाही. तिला काय सांगू?

उत्तर : आईंना सांगा, यूरिया त्यांच्या टाचेत आत्ताही आहे. त्वचेच्या वरच्या थरात पाणी धरून ठेवणारं नैसर्गिक मिश्रण असतं. त्यात अमिनो आम्लं, लॅक्टिक आम्लाचे क्षार आणि यूरिया असतो. मलमातला यूरिया कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून बनतो. दहा टक्क्यांपर्यंत तो मुख्यतः ओलावा धरतो. वीसच्या आसपास जाड, कडक झालेली कातडी सैल करू लागतो, म्हणून डॉक्टरांनी हा आकडा निवडला असणार. चाळीस टक्के तर जाड झालेली नखं मऊ करायला वापरतात. रात्री कोमट पाण्यात पाय दहा मिनिटं भिजवा, टिपून घ्या, मलम चोळा, वर सुती मोजे. भेगेतून रक्त येत असेल तर तेवढी जागा सोडा, फार झोंबतं. आईंना मधुमेह असेल तर टाचा घासू-कापू नका, भेगा भरेपर्यंत डॉक्टरांना दाखवत राहा.

प्रश्न : माझी त्वचा तेलकट आहे. मला हे सगळं लागतं का?

उत्तर : तेल वेगळं, पाणी वेगळं. चेहरा चकाकत असतानाही धुतल्यावर ओढत असेल तर पाणी कमी पडतंय. ग्लिसरीन आणि डायमेथिकोन असलेलं हलकं जेल घ्या, जाड क्रीम नको. आणि दिवसातून चार वेळा फेसवॉश करत असाल तर तो आधी दोनवर आणा.