एकटीला पंधरा पेशंट आणि वर रेझिलियन्सचं ट्रेनिंग! नर्सेसच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: आम्हाला ताण सहन करायचं ट्रेनिंग देतात, दीर्घ श्वास वगैरे, आणि तिथून उठून वॉर्डात गेलं की एकटीला पंधरा पेशंट. मी रोज रडकुंडीला येते. मीच कमी पडतेय का?

उत्तर: नाही हो सिस्टर. श्वासाने त्या पाच मिनिटांपुरतं बरं वाटेल, पण पेशंट पंधराचे दहा होणार नाहीत ना. २००२ मध्ये नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास छापला, त्यात दर नर्समागे एक पेशंट वाढला की बर्नआउटची (कामाच्या ताणाने पार गळून जाण्याची) शक्यता २३ टक्क्यांनी आणि ऑपरेशन झालेला पेशंट ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणजे हा तुमच्या स्वभावाचा प्रश्नच नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनासुद्धा बर्नआउटचा संबंध कामाच्या जागच्या ताणाशीच लावते. कॅलिफोर्नियात तर २००४ पासून नर्समागे किती पेशंट हे कायद्याने ठरवलंय, आयसीयूत जास्तीत जास्त दोन.

तुम्ही काय करायचं? दर ड्युटीला लिहून ठेवा: पेशंट किती, स्टाफ किती, कुठलं काम राहून गेलं. महिन्याभराचा कागद दोघी-तिघींनी मिळून इन्चार्जला द्या. तोंडी सांगितलं की "सगळीकडे असंच असतं" म्हणून विषय मिटतो, कागद तसा मिटत नाही. (पेशंटची नावं मात्र त्यात नकोत.)

प्रश्न: माझ्या हातून चुकीचा डोस गेला. पेशंट ठीक आहे, पण मला झोप नाही, आता प्रत्येक इंजेक्शन चार-चारदा तपासते.

उत्तर: चूक झाली की तिचा तडाखा पेशंटनंतर ज्याच्या हातून ती झाली त्यालाही बसतो, डॉ. अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये अशांना 'सेकंड व्हिक्टिम', म्हणजे दुसरा बळी, म्हटलं होतं. रिपोर्ट केला नसेल तर आधी तो करा, लपवलेली चूक जास्त पोखरते. मग विश्वासातल्या एखाद्या सीनियरसोबत बसून नेमकं कुठे घसरलं ते बघा, सारखी दिसणारी लेबलं होती की औषध भरताना कोणी मध्येच हाक मारली, कारण ते सापडलं की "मी नालायक" हे जरा मागे पडतं. काही आठवडे झाले तरी झोप नाही, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येतो असं असेल तर समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ गाठा, आणि जिवाचं बरंवाईट करायचा विचार आला तर आजच कोणाला तरी सांगा, थांबू नका.

प्रश्न: नाईटनंतर दिवसा झोपच लागत नाही.

उत्तर: चहा-कॉफी ड्युटीच्या पहिल्या अर्ध्यातच घ्या, कॅफिन अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात. ब्रेकमध्ये वीसेक मिनिटं डुलकी काढा. घरी जाताना काळा चष्मा, खोलीत पूर्ण अंधार. डोळे मिटत असतील तर गाडी चालवू नका.

प्रश्न: मी इन्चार्ज आहे. स्टाफ वाढवणं माझ्या हातात नाही, मग करू काय?

उत्तर: ब्रेक खरंच मिळतोय का ते बघा, तेवढा वेळ तिचे पेशंट कोण बघणार हे ड्युटी सुरू होतानाच ठरवा, नाहीतर ब्रेक फक्त कागदावर. सीपीआर करूनही पेशंट गेला तर सगळ्यांनी बेडपाशी मिनिटभर शांत उभं राहायचं, मगच पुढचं काम, याला खर्च शून्य आहे. आणि नातेवाईक आरडाओरडा करत आले की नवीन मुलीला पुढे करू नका, तुम्ही स्वतः जा.