कृषी सल्ला : मका न येणारा कोपरा, लसूणघास आणि फेझंट

प्रश्न : आम्ही नवरा-बायको अमेरिकेतल्या मध्य आयोवात राहतो. नोकऱ्या सांभाळून दीड वर्षापूर्वी ८० एकर घेतलं. ५५ एकर मका-सोयाबीन, १५ एकर लसूणघास, बाकी नाल्याकाठचा उतार आणि एक पाणथळ कोपरा. त्या कोपऱ्यात मका दरवर्षी पिवळा पडतो. शेजारचे आजोबा म्हणतात, पूर्वी इथं फेझंट पक्षी ढिगानं असायचे, आता कोंबडा आरवलेला ऐकू येत नाही. ऑक्टोबरात चौघं जण बंदुका घेऊन परवानगी मागायला आले, आम्ही घाबरून नाही म्हणालो. पक्षी परत यावेत म्हणून शे-दोनशे विकत आणून सोडावेत का? गवत लावलं तर आमचं नुकसान नाही ना? आणि शिकारीचं काय करायचं?

उत्तर : ताई-दादा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात पैसे वाचतील. पक्षी विकत आणू नका. पिंजऱ्यात वाढलेल्या फेझंटला कोल्हा काय, ससाणा काय, काहीच माहीत नसतं. सोडल्यावर काही आठवड्यांत बहुतेक सगळे खल्लास होतात. तुम्ही पक्षी नाही, कोल्ह्याचं जेवण विकत घ्याल. रानात वाढलेले पक्षी आसपास कुठंतरी असतातच. त्यांना जागा नाही, एवढंच.

गंमत म्हणजे हा पक्षी इथला नाहीच. मूळचा आशियातला, चीनकडचा. आपल्या रानकोंबड्याचा आणि मोराचा भाऊबंद. आयोवात १९०१ साली सीडर फॉल्सजवळ वादळात एका खाजगी पक्षीपालन केंद्राची कुंपणं पडली, सुमारे २,००० पक्षी सुटले आणि इथलेच झाले. तेव्हा शेताशेताला गवताळ बांध होते, ओट्स होतं, कुरण होतं. सोडलेले पक्षी तेव्हा टिकले ते त्यामुळं. आज मका-सोयाबीन थेट रस्त्याच्या चरापर्यंत पेरतात, मग मादीनं घरटं करायचं कुठं?

आता तुमचा कोपरा. बटाईदाराकडून कंबाईनचे (कापणी-मळणी यंत्राचे) गेल्या तीन-चार वर्षांचे यील्ड मॅप, म्हणजे शेतात कुठं किती पीक निघालं त्याचे नकाशे, मागून घ्या. त्यात कमी पिकाचा जो लाल डाग दिसेल, त्यावर बियाणं, खत, डिझेल, औषध यांचा खर्च मांडा. ओल धरणाऱ्या तुकड्यात बहुतेकदा खर्च निघत नाही. अशा जमिनीसाठीच इथल्या केंद्र सरकारची सीआरपी (कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम) योजना आहे : पीक थांबवून गवत लावायचं, त्याचे पैसे सरकार देतं. १९८५ च्या फार्म बिलातून (शेती कायद्यातून) आली, फार्म सर्व्हिस एजन्सीच्या कौंटी ऑफिसातून चालते. १० ते १५ वर्षांचा करार, जमिनीच्या मगदुरानुसार वर्षाचं भाडं, वर गवत लावायच्या खर्चात वाटा. जमीन ताब्यात येऊन साधारण वर्ष झालेलं असावं लागतं, ते तुमचं झालंय. त्या तुकड्यात पूर्वी ठरावीक वर्षं पीक घेतलेलं असावं, तेही मागच्या मालकाच्या नोंदीवरून दिसेल. सध्या कुठल्या प्रकारात अर्ज घेतायत, ते ऑफिसात विचारा. ते बदलत राहतं.

उतारावर प्रेअरीचे, म्हणजे इथल्या मूळ गवत-फुलांच्या रानाचे, पट्टे घ्या, असं मी आग्रहानं सांगेन. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी नील स्मिथ अभयारण्यात हे वर्षानुवर्षं मोजलंय. शेताचा फक्त दहावा हिस्सा प्रेअरीला दिला, तर वाहून जाणारं पाणी ३७ टक्क्यांनी कमी झालं आणि २० पट जास्त माती शेतातच राहिली. म्हणजे गवत पक्ष्यासाठी लावलं, तरी पहिला फायदा तुमच्या मातीचा. योजनेत पट्टा ३० ते १२० फुटांचा चालतो. शक्य तितका रुंद घ्या. अरुंद पट्टा म्हणजे स्कंक आणि रकून या अंडी खाणाऱ्या प्राण्यांचा हमरस्ता. नाक लावून चालत गेलं की अंडी सापडतात. पाणथळ कोपरा मात्र सलग ठेवा.

बियाणं घेताना नुसतं ब्रोम गवत घेऊ नका. ते दाट गादीसारखं वाढतं. फेझंटचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा जेमतेम अंगठ्याएवढं असतं, त्याला त्या गादीतून चालता येत नाही. आणि पहिले काही आठवडे ते दाणे नाही, किडे खातं. किडे फुलांवर येतात. म्हणून ब्लूस्टेम, इंडियन ग्रास या गवतांसोबत कोनफ्लॉवर, बर्गमॉट, पार्ट्रिज पी अशी फुलझाडं असलेलं मिश्रण घ्या. ते वर वाढतं, पण बुडाशी मोकळं राहतं. गुडघ्यावर बसून त्या उंचीवरून एकदा बघा, मी काय म्हणतोय ते कळेल. शेजारच्या मक्यावर कीटकनाशक मारताना वारा कुठं आहे, तेही बघायला सांगा.

पहिलं वर्ष मन खट्टू करणारं असतं. सगळीकडे तणच दिसेल आणि येणारा-जाणारा विचारेल, जमीन पडीक टाकली का? उन्हाळ्यात तीनेक वेळा ६-८ इंचांवर छाटून तण खाली ठेवा, फवारणीची घाई नको. प्रेअरी तेव्हा जमिनीखाली मुळं धरत असते. तिसऱ्या वर्षी फोटो काढाल.

लसूणघासाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी मेख तिथं आहे. मादीला घरट्यासाठी हिरवा लसूणघास फार आवडतो. ती साधारण डझनभर अंडी घालते, त्याला दोनेक आठवडे, वर २३ दिवस उबवण. म्हणजे पाच-सहा आठवडे शांतता हवी. तुमची पहिली कापणी मेअखेर, पुढची महिन्याभरात. हिशेब जमतच नाही. मादी शेवटपर्यंत घरट्यावरून उठत नाही, यंत्राखाली अंड्यांसकट जाते. माझ्या कामाच्या पहिल्या वर्षी मी स्वतः एका शेतात कापणीनंतर चाललो होतो. सात घरटी मोजली, मग मोजायचं थांबलो. चाऱ्याची कापणी लांबवा असं मी सांगणार नाही, प्रत जाते. त्यापेक्षा शेजारी आधीपासून चांगलं प्रेअरी गवत उभं असू द्या, म्हणजे काही माद्या तिकडं बसतील. आणि कापणी मधून सुरू करून बाहेर जा; कडेकडेनं आत गेलात तर पक्षी मध्ये कोंडतात. सुरुवातीची तणाची छाटणी सोडली, तर रुजलेल्या सीआरपीच्या गवतावर १५ मे ते १ ऑगस्ट यंत्र घालायचं नाही, तो आयोवातला घरट्यांचा काळ.

हिवाळ्यासाठी पाणथळीतलं पाणकणीस काढू नका. बर्फाच्या वादळात फेझंट सहसा उपाशी मरत नाही, आडोसा नसल्यानं मरतो. लागून दोन-चार एकर ज्वारी उभी ठेवली तर उत्तम. हो, आपली ज्वारीच!

शिकार. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली बंदी असल्यामुळं आपल्याला बंदूक दिसली की धस्स होतं, ते साहजिक आहे. पण इथं फक्त नर मारायला परवानगी आहे, माणशी दिवसाला तीन. मादी मातकट, नर झळाळता, गळ्याला पांढरी कडी. उडतानाही फरक दिसतो. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळं पुढच्या वर्षीच्या पिल्लांवर फारसा परिणाम होत नाही. पक्षी वाढले-घटले ते गवत आणि हवामानावर. परवानगी द्यायची की नाही, हा सर्वस्वी तुमचा अधिकार. दिलीत तर फुकट द्या. आयोवाचा कायदा अशा जमीनमालकाला जबाबदारीतून बरंच संरक्षण देतो. पैसे घेणार असाल तर आधी वकील आणि विमावाल्याशी बोला. घराच्या आणि गोठ्याच्या बाजूला जायचं नाही, झगझगीत नारिंगी रंगाचा कपडा अंगावर हवा, फाटक लावून जायचं, हे तोंडी नको, कागदावर द्या.

आणि पुण्याहून पर्यटक व्हिसावर येणाऱ्या भाच्याला गंमत म्हणून बंदूक हातात देऊ नका. अमेरिकेतला शिकारीचा परवाना जवळ नसेल, तर केंद्रीय कायद्यानं तो गुन्हा आहे.

यील्ड मॅप हातात आले की फोन करा. एकदा शेतातून चालत जाऊ. प्रेअरीचं बी नोव्हेंबरनंतर, थंडीतही पेरता येतं, त्यामुळं यंदाचा हंगाम गेलेला नाही.