भरलेल्या गाडीचा आरसा
(सदर : मिस्त्रींना विचारा)

प्रश्न : मिस्त्रीकाका, मी कराड-विटा रस्त्यावरच्या एका गावातून रोज पहाटे साडेचारला डेअरीला दूध घालायला जातो. गाडी १०० सीसीची, मागे दोन्ही बाजूंना ४०-४० लिटरचे कॅन. आरशात माझी कोपरं आणि कॅनची झाकणं, एवढंच दिसतं. गेल्या महिन्यात उजवीकडे वळताना मागून आलेली जीप दिसलीच नाही, ती कॅनला घासून गेली. मोठे आरसे बसवले तर फरक पडेल का?

उत्तर : भाऊ, फरक पडेल, पण मोठ्या आरशाने थोडा. खरी गोम दुसरीकडे आहे. तुम्ही आरसे लावता कधी? माझा अंदाज सांगतो : अंगणात, गाडी मेन स्टँडवर, कॅन रिकामे किंवा अजून चढवलेलेच नाहीत. बरोबर?

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात आमच्याकडच्या एका दूधवाल्याची गाडी सर्व्हिसिंगला आली होती. मी त्याला थांबवून घेतलं. मेन स्टँडवर गाडी, तो सीटवर, आणि त्याच्या मनासारखे आरसे लावून घेतले. रस्ता लांब जाऊन जिथे संपतो ती जागा बरोब्बर आरशाच्या मध्यावर. मग गाडी स्टँडवरून काढली, दोन्ही कॅन पाण्याने भरून अडकवले आणि त्याला परत बसवलं. म्हटलं, आता काय दिसतं? म्हणाला, "डांबर." नुसतं मागच्या चाकापासून थोड्या अंतरावरचं डांबर आणि खाली कॅनची झाकणं. रस्त्याचं टोक आरशाच्या वरच्या कडेला जाऊन बसलं होतं.

कारण साधं आहे. मेन स्टँडवर मागचं चाक जमिनीपासून बोटभर वर असतं, म्हणजे गाडी पुढे झुकलेली. ८० लिटर दूध म्हणजे ८२ किलोच्या पुढे, वर कॅनचं वजन वेगळं. तेवढा भार मागे आला की शॉकअप दबतात, गाडीचं नाक वर होतं आणि मागे तोंड करून असलेला आरसा खाली बघायला लागतो. हेडलाइटचं याच्या उलट होतं. भरलेल्या गाडीचा उजेड झाडावर पडतो हे तुम्ही रोज बघत असाल. ज्या कारणाने दिवा वर जातो, त्याच कारणाने आरसा खाली जातो.

म्हणून आरसे लावायचे ते भरलेल्या गाडीवर, दोन्ही चाकं जमिनीवर, तुम्ही रोज बसता तसे बसून, हेल्मेट घालून, हात हँडलवर. घरातलं कुणीतरी गाडी धरायला घ्या. रस्त्याचं टोक मध्यावर यायला हवं आणि आतल्या कडेला कोपराची पट्टी करंगळीच्या जाडीएवढीच दिसायला हवी. बाकी सगळी काच रस्त्याची. दूध घालून परत येताना गाडी रिकामी असते, तेव्हा हाच आरसा वर जाऊन झाडांचे शेंडे दाखवेल. त्यासाठी मी त्या पोराच्या आरशाच्या पाठीवर, दांडीच्या सांध्यापाशी, ऑइलपेंटच्या दोन बारीक खुणा करून दिल्या. पांढरी भरल्याची, लाल रिकाम्याची. पहाटे अंधारात चाचपडायला नको, डेअरीच्या दिव्याखाली दोन सेकंदांत आरसा खुणेवर येतो. तुम्हीही करा.

आता कोपरांचं. तुमच्या आरशाची दांडी आखूड आहे, किंवा खांदे रुंद आहेत. लांब दांडीचे आरसे घ्या, आरसा कोपराच्या बाहेर निघाला पाहिजे. मोठी काच आखूड दांडीवर लावली तर कोपरच मोठं दिसेल. हँडलच्या टोकाला लावायचे गोल आरसे हल्ली पोरं लावतात. ते हाताखालून मागे बघतात, मोकळ्या गाडीला ठीक आहेत. तुमच्या गाडीला तिथून कॅनच दिसणार, ते घेऊ नका.

दुकानात आरसा घेताना काच तपासून घ्या. दुकानाच्या शटरकडे पाठ करा आणि शटरच्या आडव्या पट्ट्या आरशात बघत आरसा हळूहळू फिरवा. फुगीर काचेत पट्टी एकसारखी वाकते, ते चालेल. पट्टी पाण्यात हलल्यासारखी लाटा खायला लागली तर तो आरसा परत ठेवा, मग तो कितीही स्वस्त असो. तसल्या काचेत ट्रकचे दिवे फुटून चार दिसतात.

पण भाऊ, पुढचं नीट वाचा, कारण तुमची जीप इथे आहे. त्या पोराचे आरसे पक्के लावून झाल्यावर मी त्याच्या मागे २० पावलांवर गेलो आणि उजव्या बाजूने हळूहळू पुढे यायला लागलो. त्याला सांगितलं, मान वळवायची नाही, फक्त आरशात बघ आणि मी दिसेनासा झालो की ओरड. तो ओरडला तेव्हा मी जिथे उभा होतो तिथून हात लांब केला तर बोटं त्याच्या कॅनला लागत होती. कॅनला! एवढ्या जवळ उभा असलेला माणूस त्याच्या चांगल्या, नीट लावलेल्या आरशात नव्हता. तिथून पुढे त्याच्या डोळ्यांच्या कडेत येईपर्यंत मला आणखी दोन पावलं टाकावी लागली. त्या दोन पावलांत एक अख्खी मोटरसायकल मावते.

त्या जागेला दुसरा उपाय नाही. वळण्याआधी हनुवटी उजव्या खांद्याकडे नेऊन एक नजर टाकायची. आधी आरसा, मग इंडिकेटर, मग खांद्यावरून नजर, मग हँडल. भरल्या कॅनने गाडी जड असते, मान वळवताना हँडलही वळतं असं वाटतं. रिकाम्या गाडीवर मोकळ्या रस्त्यात आठवडाभर सराव करा, हात सरळ राहायला लागतो.

दुसरी फसगत अंतराची. आपल्या बहुतेक आरशांची काच फुगीर असते. तिच्यात जास्त रस्ता मावतो, पण गाड्या लहान दिसतात आणि लहान दिसलेली गाडी मनाला लांब वाटते. तुम्ही ताशी ४० ने चाललाय आणि मागून जीप ९० ने येतेय, तर ती दर सेकंदाला जवळजवळ १४ मीटर तुमच्या जवळ येते. ७० मीटर मागे असलेली जीप ५ सेकंदांत तुमच्यापाशी. भरलेली गाडी थांबवून, वळवून, रस्ता ओलांडून पलीकडे न्यायला एवढा वेळ सहज जातो. पहाटे तर जीपही दिसत नाही, नुसते दिवे. दोन दिव्यांमधली फट रुंदावताना दिसली की वळू नका, डावीकडे थांबा, तिला जाऊ द्या. हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात तेव्हा तर हे फार जपा. ट्रॉलीला ओलांडायला निघालेला माणूस पुढे बघत असतो, तुमच्याकडे नाही.

हे मी एवढं लांबवून सांगतोय कारण माझ्या उजव्या पायात रॉड आहे. १९९४ साली मी गाडीचे दोन्ही आरसे काढून ठेवले होते. तेव्हा आम्हा पोरांना आरशांची गाडी बायकी वाटायची. एका फाट्यावर उजवीकडे वळलो आणि मागून टेम्पो आला. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला होता, ब्रेकही मारले होते, चूक माझी होती. चार महिने खाटेवर होतो आणि आई रोज सकाळी माझा पाय दोन्ही हातांनी उचलून उशीवर ठेवायची. आज कुणी गॅरेजमध्ये येऊन "आरसे काढून द्या" म्हणालं तर मी काढून देत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२५ सांगतो की मागून येणारी वाहनं चालकाला स्पष्ट दिसतील असा आरसा गाडीला असलाच पाहिजे, पण नियम नसता तरी मी काढला नसता.

तुमच्या कॅनच्या मागच्या बाजूला लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा. तुम्हाला मागचा दिसावा तसे तुम्हीही मागच्याला दिसायला हवेत.

प्रश्न : माझ्या बुलेटचे आरसे इतके थरथरतात की मागे ट्रक आहे की बस, कळत नाही. दोनदा आरसे बदलले.

उत्तर : तिसऱ्यांदा बदलू नका, आधी थरथर कुठून येते ते शोधा. गाडी चालू करून जागेवरच थोडी रेस द्यायला सांगा. आरशाची दांडी दोन बोटांनी धरा. चित्र स्थिर झालं तर दांडीचा चेकनट (दांडी घट्ट धरून ठेवणारा नट) ढिला आहे. दांडी धरून काही होत नाही, पण काचेची कड हलकेच दाबल्यावर स्थिर होतं, तर काच खोक्यात सैल बसलीय. दोन्हीने फरक पडत नसेल तर हँडलच हलतंय. मग हँडलचे क्लॅम्प आणि इंजिनाचे माउंटिंग बोल्ट तपासून घ्या. एवढं करून जी थरथर उरेल ती एका मोठ्या सिलिंडरची आहे. हँडलच्या टोकांना जड वजनं लावली की तीही कमी होते. पूर्ण जाणार नाही, पण ट्रक आणि बस वेगळी ओळखू येईल.

प्रश्न : यामाहाचा उजवा आरसा काढतोय, निघत नाही. पान्याला पाइप लावून जोर दिला, आता आटे गेले असं वाटतंय. डावा सहज निघाला.

उत्तर : पाइप आधी बाजूला ठेवा. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांना उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. समोरून काही आपटलं तर आरसा मागे फिरताना आवळला न जाता सैल व्हावा, म्हणून ते तसे केलेत. तुम्ही सोडवत नव्हता, आवळत होता. चेकनटवर थोडं तेल सोडा, तासभर थांबा, मग पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. आटे खरंच गेले असतील तर आरसा ज्यात बसतो तो क्लॅम्प बदलावा लागेल. नवा आरसा घेताना "उजवा, उलट्या आट्यांचा" असं सांगून घ्या आणि आधी हाताने फिरवून बघा. पहिले तीन-चार वेढे हाताने गेले तरच पाना लावा.